तुमचे नेहमीचे डॉक्टर कोण?

९ जानेवारीच्या रात्री साडेतीनच्या सुमाराला आई बाथरूमच्या दारात पडली. कपाळाला खोक पडली होती. आपत्कालीन विभागात तीन टाके घातले, डोक्याचा स्कॅन झाला, सुदैवाने आत काही नव्हतं. फॉर्म भरणाऱ्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "यांचे नेहमीचे डॉक्टर कोण?"

मी पाच नावं सांगितली. हृदयाचे एक, थायरॉइडचे एक, गुडघ्यांचे एक, खोकल्यासाठी छातीचे एक आणि पूर्वी कधीतरी झोपेची गोळी लिहून दिलेले एक.

"हो, पण हे सगळं एकत्र कोण बघतं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी तो रकाना रिकामा सोडला आणि पुढचा प्रश्न विचारला. पहाटे घरी येताना टॅक्सीत आई खांद्यावर डोकं टेकून झोपली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर तो रिकामा रकाना होता. तिथून पुढे आईसाठी एक भरवशाचे फिजिशियन मिळेपर्यंत सव्वादोन महिने गेले, आणि घडी बसायला आणखी चार. या काळात जे कळलं ते लिहून ठेवते आहे. कुणीतरी आत्ता त्याच टॅक्सीत बसलेलं असेल.

आई ७३ वर्षांची. बाबा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे राहायला आली. तिच्या जुन्या गावी एकच डॉक्टर होते, सव्वीस वर्षं तेच. त्यांना तिची बाळंतपणं माहीत, तिच्या आईला कशाने मरण आलं ते माहीत. मोठ्या शहरात आल्यावर आमचं असं झालं की जे दुखेल त्याचा डॉक्टर. खोकला आला, छातीचे डॉक्टर. गुडघा धरला, हाडांचे. प्रत्येक जण आपापल्या कामात हुशार होता, हे मी मनापासून म्हणते. पण प्रत्येकाने आपला अवयव बघितला आणि आपल्या दोन गोळ्या लिहिल्या. आईकडे अख्खं माणूस म्हणून कुणी बघत नव्हतं, आणि हे मला ती पडेपर्यंत दिसलं नाही.

फिजिशियन म्हणजे नेमकं कोण, याबद्दलही माझा गोंधळ होता. सर्दी-तापाला जातो ते फॅमिली डॉक्टर आणि फिजिशियन एकच, असं मला वाटायचं. तसं नाही. फिजिशियन हे प्रौढांच्या आतल्या आजारांचे तज्ज्ञ. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंड, फुप्फुसं, रक्त, जंतुसंसर्ग, हे सगळं त्यांच्या शिक्षणात येतं, आणि एका रोगाचं औषध दुसऱ्या रोगाला कसं बाधतं ते बघणं हेच त्यांचं काम असतं. शस्त्रक्रिया ते करत नाहीत. एकच साधा आजार असेल तर फॅमिली डॉक्टर पुरतात. पण तीन-चार जुने आजार आणि मूठभर गोळ्या असतील, तर फिजिशियन हवेत.

टाके काढायच्या आधीच मी एक काम केलं. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. आईच्या सगळ्या गोळ्या, सिरप, मलमं, उशाशी ठेवलेली चूर्णाची डबीसुद्धा, टेबलावर ओतली. तेरा प्रकार निघाले. एका कागदावर रकाने आखले: औषधाचं नाव, त्यातला घटक, मात्रा, किती वाजता, कुणी सुरू केलं, कधीपासून, कशासाठी. पहिले चार रकाने अर्ध्या तासात भरले. उरलेल्या तिनांना तीन संध्याकाळी लागल्या, कारण जुन्या चिठ्ठ्या पिशवीच्या तळाशी, पुस्तकांत, कपाटाच्या खणात विखुरलेल्या होत्या. चार औषधांपुढे "कशासाठी" हा रकाना शेवटपर्यंत रिकामाच राहिला. आईलाही आठवेना.

आणि घटकांची नावं लिहिताना एक गोष्ट दिसली. आम्लपित्ताच्या म्हणून आई दोन गोळ्या घेत होती, एक पांढरी, एक पिवळी. दोन डॉक्टरांनी दिलेल्या, दोन कंपन्यांच्या. पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेला घटक मात्र एकच होता. ती वर्षभर एकच औषध दुप्पट घेत होती. कंपनीचं नाव ठळक असतं आणि घटक बारीक. ते बारीक अक्षर वाचाच.

मग शोध सुरू झाला. पहिले चार दिवस मी फोनवर रात्री उशिरापर्यंत डॉक्टरांना मिळालेले तारे मोजत होते. त्यातून फारसं हाती लागलं नाही. लोक खरंच बोलत होते, पण ते लिहीत होते बसायला जागा आहे का, रिसेप्शनवरची मुलगी नीट बोलते का, किती वेळ थांबावं लागतं, याबद्दल. निदान बरोबर होतं का, नको असलेली गोळी कुणी थांबवली का, हे तिथे सहसा नसतं, कारण रुग्णाला ते त्या दिवशी कळतच नाही. एक उपयोग मात्र झाला. एकाच दवाखान्याबद्दल अनेकांनी वेगवेगळ्या महिन्यांत एकच तक्रार केली असेल, तर ती मी धरायला लागले.

माझा भाऊ परदेशात असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं: "सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलमधल्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरांकडे ने." शेजारच्या काकूंनी त्यांचे डॉक्टर सुचवले, ऑफिसातल्या मैत्रिणीने तिचे. मी सगळ्यांना विचारत होते, "कुणी चांगले डॉक्टर माहीत आहेत का?" आणि सगळे चांगली माणसं सांगत होते. प्रश्नच चुकत होता.

तो बदलला आईच्या फिजिओथेरपिस्टमुळे. ती आठवड्यातून दोनदा घरी येते आणि रोज आठ-दहा म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाते, म्हणजे शहरातल्या किती डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तिच्या नजरेखालून जातात बघा. मी तिला विचारलं, "तुझ्या स्वतःच्या आईला कुणाकडे नेशील?" ती थांबली, विचार केला आणि दोन नावं सांगितली. कारणंही सांगितली. एक डॉक्टर गोळ्या कमी करतात म्हणून, दुसऱ्या फोन केला तर परत फोन करतात म्हणून. तोच प्रश्न मी औषधांच्या दुकानातल्या अनुभवी फार्मासिस्टला विचारला, घरी रक्त घ्यायला येणाऱ्या मुलाला विचारला आणि मैत्रिणीच्या ओळखीच्या एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांना विचारला. रक्त घेणारा मुलगा म्हणाला, "ताई, डॉक्टरांबद्दल मी कसं बोलणार? पण एक मॅडम आहेत, त्यांच्या चिठ्ठीत तपासणीपुढे कारण लिहिलेलं असतं." फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या दोघांपैकी परत फोन करणाऱ्या त्याच होत्या. तेव्हा मला ते एवढं महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी माझ्याकडे सहा नावं होती. प्रत्येकाची नोंदणी वैद्यकीय परिषदेच्या यादीत तपासली. सहाही जणांची होती. मग ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, दोन दिवसांत, सहाही दवाखान्यांना फोन केले. विचारायचे प्रश्न आधी लिहून घेतले होते. पहिल्या भेटीला साधारण किती वेळ देतात? रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा? डॉक्टर सुट्टीवर असतील तेव्हा त्यांच्या जागी कोण बघतं? दाखल करायची वेळ आली तर कुठल्या हॉस्पिटलात, आणि तिथे हेच डॉक्टर येतात का? रिपोर्ट दाखवायला पुन्हा फी भरावी लागते का? दोन ठिकाणी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. एका ठिकाणी म्हणाले, "या तर खरं, मग बघू." तीन ठिकाणी नीट उत्तरं मिळाली. फोनवरची वागणूक हा डॉक्टरांच्या ज्ञानाचा पुरावा नव्हे, हे मला कळतं. पण ७३ वर्षांच्या बाईला रात्री गरगरलं तर फोन त्याच नंबरवर लागणार होता.

त्याआधी भावाच्या आग्रहाखातर एका मोठ्या हॉस्पिटलातल्या नावाजलेल्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. सोळा दिवसांनी मिळाली, २ फेब्रुवारी. सकाळी नऊची वेळ, आत गेलो पावणेबाराला. त्यांनी माझा कागद हातात घेतला, वरवर पाहिला आणि बाजूला ठेवला. आईला त्यांनी एक प्रश्न विचारला, मला दोन. नाडी पाहिली नाही. चार-पाच मिनिटांत आम्ही बाहेर, हातात अकरा तपासण्यांची यादी आणि गरगरण्यासाठी नवीन गोळी. बाहेर पन्नासेक माणसं ताटकळत होती. ते डॉक्टर वाईट आहेत असं मला वाटत नाही. एवढ्या गर्दीत तेराच्या चौदा होणारच. पण लिफ्टमध्ये आई म्हणाली, "मला काय होतंय ते सांगायचं राहिलंच गं," आणि मला फार वाईट वाटलं. ती चौदावी गोळी आम्ही सुरू केली नाही. फार्मासिस्टने सांगितलं की झोपेच्या गोळीबरोबर तिने आणखी गुंगी येऊ शकते, आधी कुणालातरी विचारा.

अकरापैकी सात तपासण्या तीन महिन्यांपूर्वीच झालेल्या होत्या. या सगळ्या काळात डॉक्टरांच्या फीपेक्षा जास्त पैसे गेले ते अशा पुन्हा पुन्हा केलेल्या तपासण्यांत. तेव्हापासून मी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावते, नवीन सगळ्यात वर, आणि कुणी तपासणी लिहिली की आधी जुना आकडा दाखवते.

दुसरे डॉक्टर २३ फेब्रुवारीला भेटले. हे सांगायला जरा जड जातं, कारण ते खरोखर चांगले होते. शांत, पन्नाशीचे, आईशी बोलणारे. पण त्यांचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. जाताना सव्वा तास, येताना पावणेदोन. आईचे पाय सुजले आणि घरी आल्यावर ती दोन दिवस अंथरुणात होती. त्यांनीच समजुतीने सांगितलं, "यांना वरचेवर यावं लागेल, तुम्ही जवळचं कुणी बघा." नाव शोधताना मी अंतराचा विचार केला नव्हता. जुन्या आजाराच्या माणसाला वर्षातून सहा-आठ वेळा जावं लागतं. अर्ध्या-पाऊण तासाच्या आतलेच डॉक्टर बघा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

तिसरी वेळ मिळाली १८ मार्चची, चिठ्ठीत तपासणीचं कारण लिहिणाऱ्या त्याच मॅडमची. दवाखाना लहान, दोन खोल्यांचा. फोनवरच सांगितलं होतं, सगळी औषधं पाकिटांसकट आणा, आणि येण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको. पहिल्या भेटीची फी पुढच्या भेटींच्या जवळजवळ दुप्पट, पण मोठ्या हॉस्पिटलपेक्षा कमी.

आम्ही बसलो. मी फाइल उघडून बोलायला सुरुवात केली. मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. "तुमचा कागद मी वाचणार आहे, छान केलाय. आधी त्यांना बोलू दे." आणि खुर्ची आईकडे वळवली. "सांगा काकू."

आई बोलत राहिली. मॅडमनी मधे तोडलं नाही, संगणकाला हात लावला नाही. खोकल्याचं सांगून झालं, गुडघ्यांचं झालं, थकव्याचं झालं. मग त्यांनी विचारलं, "जानेवारीत पडलात, त्याच्या आधी कधी?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "दोनदा. एकदा स्वयंपाकघरात, एकदा गच्चीच्या जिन्यात. हिला नाही सांगितलं. उगाच काळजी करत बसते."

मी रोज तिच्याबरोबर राहते. मला माहीत नव्हतं. त्या क्षणी काय वाटलं ते मला अजून नीट मांडता येत नाही, राग नव्हता, पण घशाशी आलं. मॅडम माझ्याशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी आईला टेबलावर झोपवलं, पाच मिनिटं तशीच पडू दिलं आणि रक्तदाब घेतला: १४८ वर ८२. मग उभं केलं. एका मिनिटाने घेतला, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घेतला: १२० वर ७२. आईने टेबलाची कड धरली.

"आत्ता गरगरतंय ना? रात्री उठल्यावर असंच होतं?"

"अगदी असंच."

उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष समजतात, हे त्यांनी आम्हाला दोघींना समजावलं. आईचा २८ ने उतरला होता. दोन वर्षांत पाच डॉक्टरांनी तिचा रक्तदाब घेतला होता, आणि दर वेळी बसवूनच.

मग त्यांनी पाकिटं एकेक करून टेबलावर मांडली. पुढची वीस मिनिटं मी विसरणार नाही. रक्तदाबाची रॅमिप्रिल दीड वर्षापूर्वी सुरू झाली, खोकला त्यानंतर दोन महिन्यांनी. त्या गटातल्या औषधांनी काही जणांना कोरडा, न थांबणारा खोकला लागतो, हा त्यांचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. त्या खोकल्यासाठी छातीच्या डॉक्टरांनी सिरप आणि ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी दिली. झोपेची गोळी होतीच. गुडघ्यांसाठीची वेदनाशामक गोळी रक्तदाब वाढवते, म्हणून रक्तदाबाच्या गोळीची मात्रा वाढवली गेली. एका औषधाचा त्रास नवा आजार समजायचा, त्यावर दुसरं औषध द्यायचं, त्याच्या त्रासावर तिसरं. या साखळीबद्दल पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या वृद्धांच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात लिहिलं होतं, हे मी नंतर वाचलं. १९९१ मध्ये मार्क बिअर्स यांनी म्हाताऱ्या माणसांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी केली. ती आजही वेळोवेळी सुधारली जाते, आणि आईची ॲलर्जीची गोळी आणि झोपेची गोळी, दोन्हींचे गट त्यात आहेत.

थायरॉइडचं वेगळंच निघालं. आई सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घ्यायची, अगदी नियमाने, आणि बरोबरच कॅल्शियमची. कॅल्शियम थायरॉइडची गोळी नीट शोषू देत नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. थायरॉइडच्या रक्ततपासणीतला टीएसएच हा आकडा वाढलेला यायचा, गोळीची मात्रा वाढवली जायची. वर्षात दोनदा वाढवली होती.

मला त्याच दिवशी सगळं बंद करून हवं होतं. मॅडम म्हणाल्या, "एकदम सगळं बदललं तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, ते कळणार नाही. आणि काही औषधं अचानक तोडणं धोक्याचं असतं." झोपेची गोळी अशीच. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एकदम थांबवली तर झोप पार उडते, हात थरथरतात, फिटसुद्धा येऊ शकते. ती आठवड्या-आठवड्याने उतरवायची. हे वाचून कुणी घरच्या घरी गोळ्या बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

त्या दिवशी चारच गोष्टी झाल्या. खोकल्याचं सिरप आणि ॲलर्जीची गोळी थांबली. दोन आम्लपित्ताच्या गोळ्यांपैकी एक गेली. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर गेलं. आणि रॅमिप्रिलच्या जागी टेल्मिसार्टन ही रक्तदाबाचीच दुसरी गोळी, कमी मात्रेत. पण हे शेवटचं लिहिण्याआधी त्यांनी आमच्यासमोर हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. "तुमच्या पेशंट माझ्याकडे आहेत, खोकला आहे, बदलू का?" दोन मिनिटांचं बोलणं. ते हो म्हणाले. दोन वर्षांत आईच्या दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

निघताना मी विचारलं, थकवा कशाने? मॅडमनी सरळ सांगितलं, "ते मला आत्ता माहीत नाही. दोन-तीन शक्यता आहेत, त्या तपासू." तपासण्या पाचच लिहिल्या, प्रत्येकीपुढे कारण. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, बी-१२. चिठ्ठीच्या खाली वेगळं लिहिलं होतं: रात्री उठताना आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसा, दिवा चालू ठेवा, उभं राहिल्यावर लगेच चालू नका. आणि कधी फोन करायचा, कधी थेट हॉस्पिटलात जायचं, त्याच्याही तीन ओळी.

तरीही मी घरी येऊन दोन दिवस साशंकच होते. एका छान भेटीवरून विश्वास बसावा असं माझं मन त्या दिवसांत राहिलं नव्हतं.

२९ मार्चला, सुट्टीच्या दिवशी, घरच्या यंत्रावर रक्तदाब १६८ वर ९४ आला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दवाखान्याच्या नंबरवर निरोप ठेवला आणि चाळीस मिनिटांनी मॅडमचा फोन आला. त्यांनी औषध सांगितलं नाही, विचारलं, कसा घेतला? मी सांगितलं. आई स्वयंपाकघरातून आली, पलंगावर बसली, पाय लोंबकळते, हात मांडीवर, आणि मी तिच्याशी बोलत होते. "आता पाठ टेकून खुर्चीत बसवा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला. पाच मिनिटं कुणी बोलू नका. मग दोनदा घ्या." १४४ वर ८०, मग १४० वर ८०. हात खाली असला किंवा पट्टा दंडाला लहान पडला तरी आकडा खोटा चढतो, हे मला तेव्हा कळलं. आमचा पट्टाही लहान होता. दुसऱ्या दिवशी मोठा आणला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री मला जाग आली आणि घर एकदम शांत होतं. काहीतरी चुकलंय असं वाटून मी आईच्या खोलीत धावले. ती झोपली होती. खोकला नव्हता. जवळजवळ दीड वर्ष भिंतीपलीकडून येणाऱ्या त्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती की तो थांबल्यावर भीती वाटली. मी बराच वेळ दारात उभी राहिले.

४ एप्रिलला पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासलं, कारण नवी गोळी सुरू केल्यावर ते पाहावं लागतं. ठीक आलं. त्या भेटीत वेदनाशामक गोळी गेली, तिच्या जागी गरजेपुरती पॅरासिटामॉल आणि फिजिओथेरपी वाढवली. हे आईला अजिबात आवडलं नाही, आणि पहिले तीन आठवडे तिचे गुडघे खरोखर जास्त दुखले. सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. ती माझ्यावर चिडायची, मॅडमवर चिडायची, एकदा पाकिटात उरलेली जुनी गोळी तिने गुपचूप घेतलीही. पुढच्या भेटीत तिने ते आपणहून सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. "सांगितलंत ते बरं केलंत. किती दुखत होतं?" एवढंच विचारलं.

बी-१२ कमी निघालं. आम्लपित्ताची गोळी फार दिवस घेतली की ते कमी होऊ शकतं, आणि आई तर दुप्पट घेत होती. इंजेक्शनं सुरू झाली. थकवा थोडा कमी आहे, पूर्ण गेलेला नाही. टीएसएचसाठी घाई चालत नाही, गोळीच्या वेळेत काही बदल केला की सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. ९ मे रोजी तपासला, मात्रा न वाढवता मर्यादेत आला.

या सगळ्यात माझ्या सात अर्ध्या दिवसांच्या रजा गेल्या. पुन्हा करायचं झालं तर मी आधी औषधांचा कागद करेन, मग अंतर ठरवेन, आणि तारे मोजण्यात चार रात्री घालवणार नाही. पहिल्या भेटीनंतर घरी येऊन एक गोष्ट मात्र नक्की बघेन, की डॉक्टरांनी माझ्या माणसाला काय विचारलं आणि उत्तर ऐकायला ते किती थांबले. जुन्या डॉक्टरांशीही नातं तोडायची गरज नसते. हृदयाच्या डॉक्टरांकडे आम्ही वर्षातून एकदा जातोच, फक्त आता त्यांची चिठ्ठी मॅडमच्या फाइलमध्ये लागते.

२४ जुलैच्या भेटीपर्यंत तेराची सात औषधं झाली होती. झोपेची गोळी पाव उरली आहे, तीही एक दिवसाआड, आणि त्यावर आईची अजून कुरबुर चालते. उभं राहिल्यावर रक्तदाब आता दहा-बाराने उतरतो. जानेवारीनंतर ती पडलेली नाही. हे मी मॅडमसमोर म्हटलं, तेव्हा त्यांनी आईकडे बघून खात्री करून घेतली, आणि आईने मान हलवली.

त्या दिवशी आमचा नंबर आल्यावर आई उठली, फाइल माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "तू बस इथे. मी जाते." मी बाहेरच्या बाकावर बसले. दार बंद झालं. सतरा मिनिटांनी ती बाहेर आली. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. फी भरून होईपर्यंत तिने पर्समधून तिची छोटी वही काढली आणि उभ्या-उभ्या पुढची तारीख लिहिली: १६ ऑक्टोबर, सकाळी पावणेअकरा.